मधल्या देशाची शाल

दोन शाली माझ्या मांडीवर होत्या आणि शेवटच्या प्रवेशात कोणती द्यायची, हे मला कोणी सांगत नव्हतं. एक तांबडी, एक हिरवी. वडसाला एका बंद राईस मिलच्या शेडमध्ये रिहर्सल चालू होती. पहिला प्रयोग तोंडावर आला होता.

"सर, ठरवा ना एकदाचं," वंदना म्हणाली. "रोज डायलॉग बदलते तुमचा. मी पाठ तरी काय करू?"

नाटकाचे लेखक सर म्हणाले, "देशाचं धोरण असं घाईत ठरत नसतं."

"देशाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या डायलॉगचं ठरवा."

मी झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळते. कपडेपट म्हणजे नाटकातले सगळे ड्रेस, शाली, फेटे, दागिने आणि ते ठेवायच्या पेट्या. नट आत आला की त्याचा चेंज करून द्यायचा. चेंज म्हणजे पहिला ड्रेस उतरवून दुसरा चढवणं. बाहेर गाण्याचं एक कडवं होईपर्यंत तो झाला पाहिजे. त्यामुळे कोणत्या प्रवेशात काय घालायचं हे मला आधी माहीत असावं लागतं. नाटकात कोण मरतं, कोणाचं लग्न होतं, हे नाही कळलं तरी चालतं. शाल कोणती हे कळलं पाहिजे.

नेहमी आमची नाटकं घरातल्या भांडणांची असतात. सासू, सून, दारुडा भाऊ. यंदा लेखक सरांनी वेगळंच लिहिलं. एक लहान देश आहे. त्याच्या वर एक बलाढ्य देश, खाली दुसरा बलाढ्य देश. नदी वरच्या देशातून येते. समुद्राकडे जायचा रस्ता खालच्या देशातून जातो. मीठ, पेट्रोल, औषधं सगळं त्या रस्त्यानं येतं. मधल्या देशाची प्रधानमंत्री एक बाई आहे. ते काम वंदना करत होती. वंदना नागपूरची, आमची हिरोईन. दोन्ही देश तिला म्हणतात, तुझ्या डोंगरावर आमची फौजेची चौकी बसवू दे. आणि दोघंही मानाची शाल पाठवतात. शेवटच्या प्रवेशात ती ज्याची शाल पांघरून येईल त्याच्या बाजूची झाली.

सरांनी शेडच्या भिंतीवर खडूनं नकाशा काढला होता. ते आम्हाला समजावून सांगायचे. तिनं वरच्याची शाल घेतली तर खालचा रस्ता बंद करेल. खालच्याची घेतली तर वरचा पाणी अडवेल. कोणाचीच नाही घेतली तर दोघांनाही वाटेल, ही आतून दुसऱ्याला मिळाली आहे.

"मंग दोन्ही घेऊ दे," आमचे मालक बबनभाऊ म्हणाले.

"दोन्ही घेतल्या तर वर कोणाची आणि खाली कोणाची?" सर म्हणाले. "खऱ्या जगातही असंच असतं, बबनभाऊ. नवीन प्रधानमंत्री पहिला दौरा कुठं करतो, यावर सगळे बारीक लक्ष ठेवून असतात. दुसरा दौरा कितीही मोठा केला तरी पहिला तो पहिलाच."

मला त्यातलं एक कळत नव्हतं. एवढ्या मोठ्या देशांना तो टीचभर देश कशाला हवा? मी विचारलं नाही. मला चारचौघांत विचारायला जमत नाही. सर आपणहून एकदा म्हणाले की त्यांना तो देश नकोच आहे, तो दुसऱ्याला मिळू नये एवढंच हवं आहे. ते ऐकून मी आणखीच गोंधळले.

ठाण्यात परवानगीच्या अर्जावर बबनभाऊंनी 'देश काल्पनिक आहे' असं लिहून दिलं. जमादारांनी विचारलं, "हा कुठी आला?" बबनभाऊ म्हणाले, "कुठीच नाई साहेब." तेव्हा त्यांनी सही केली.

पहिला प्रयोग सावली या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या एका गावात होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. पहिल्या प्रयोगाला दुसऱ्या गावांची मंडळं मुद्दाम येतात. नाटक रंगलं तर तिथल्या तिथं बुकिंग करतात. पब्लिक मधूनच उठून गेलं तर ती बातमी आमच्या ट्रकच्या आधी वडसाला पोचते. यंदा आमच्याकडे पक्कं बुकिंग ते एकच होतं. बाकीची गावं म्हणाली होती, पाहून ठरवू. बबनभाऊंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, हा प्रयोग पडला तर कंपनी बंद. कंपनी बंद झाली असती तर माझ्या पेट्याही विकल्या गेल्या असत्या. मग मी दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करायला गेले असते. मला दुसरं काही येत नाही.

त्या गावाला तीन टोले आहेत. टोला म्हणजे वस्ती. वरचा टोला तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. तलावाचं पाणी सोडणं त्यांच्या हातात. खालचा टोला डांबरी रस्त्यावर. बस तिथंच थांबते, धानाच्या गाड्याही तिथूनच बाहेर पडतात. मधे लहानसा मधला टोला. यंदा पाऊस लवकर गेला. भारी धानाला, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला, एक शेवटचं पाणी हवं होतं. वरच्यांनी पाणी अडवलं. खालच्यांनी रागानं गाडीवाटेवर आडवी नाली खोदली. मधल्या टोल्याचं पाणीही गेलं आणि वाटही गेली.

सरांनी ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं सगळं वर्तमानपत्रातून आलेलं. पण नाटकाची हकीकत गावात आधीच पोचली, आणि गावानं ठरवून टाकलं की हे आपल्यावरच लिहिलेलं आहे.

आम्ही प्रयोगाच्या दिवशी सकाळी पोचलो. स्टेज मधल्या टोल्याच्या मोकळ्या बांधीत होतं, कारण वरचे खालच्यांकडे येणार नव्हते आणि खालचे वरच्यांकडे. मेकअपला आणि कपड्यांना शेवंताबाईचं घर दिलं होतं. शेवंताबाई मधल्या टोल्यातली, माझ्याच वयाची. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं. मी पेट्या उघडत होते, तेवढ्यात वरच्या टोल्याचे किसनभाऊ आले. हातात पॉलिथिनची पिशवी.

"कपडे तुमच्याकडेच असते ना बाई?"

मी मान हलवली.

"ही आमच्या टोल्याकडून शाल. शेवटी ते प्रधानमंत्री बाई हेच घालन. बरं का? नाई तं आमचे लोकं उठतीन."

पिशवी माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मी 'मालकांना विचारते' असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते कुंपणापलीकडे गेले होते.

मी अर्ध्या पेट्या लावल्या असतील, तेवढ्यात खालच्या टोल्याचे नामदेवभाऊ आले. त्यांची शाल वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"किसन येऊन गेला म्हन्ते इथी?"

मी पेटीतले फेटे लावत राहिले.

"येऊ द्या. त्याले काय, तो कुठीबी जाते. ही आमची शाल. हेच घालन बाई. आमचं पब्लिक जास्त हाय, ध्यानात ठेवजा. उठलं तं मांडव खाली होईन."

तीही मी घेतली.

शेवंताबाई दारात उभी राहून पाहत होती. "दोघाईचीबी घेतली?"

"दिली त्यांनी."

"आमीबी घेतो दोघाईचंबी," ती म्हणाली. "लग्नात दोघाईकडे जातो. आहेर नेतो, आहेर घेतो. पानी मातर कोनीच देत नाई."

आमच्या भागात आहेर परत करत नाहीत. परत केला म्हणजे नातं तोडलं. मी बबनभाऊंना जाऊन दोन्ही शालींचं सांगितलं. ते बाजेवर बसले होते ते उठून उभे राहिले.

"तू काऊन घेतली सुमनबाई?"

"आहेर परत कसा करू भाऊ?"

"अवो, तो आहेर व्हय काय? धमकी व्हय ते."

"शालीत गुंडाळलेली होती," मी म्हणाले.

वंदना हसली. बबनभाऊ हसले नाहीत. त्यांनी सरांना बोलावलं. शेवंताबाईच्या अंगणात आम्ही चौघं बसलो. सर म्हणाले, कोणाचीच घ्यायची नाही, नाटकाचा अर्थच तो आहे. बबनभाऊ म्हणाले, मग दोन्हीकडचे उठतील आणि अर्थ रिकाम्या मांडवाला सांगावा लागेल. वंदना म्हणाली, एक डाव्या खांद्यावर घेते, एक उजव्या. बबनभाऊ म्हणाले, मानाचा उजवा. तो कोणाला देणार?

"मग आपल्या दोन आहेत त्यातली घालू," सर म्हणाले. "तांबडी किंवा हिरवी. गावाचा संबंध नको."

"अन् गावानं विचारलं, आमची कुठी गेली, तं?"

शेवटी बबनभाऊ म्हणाले, "कोनाचीच नाई. ठरलं." थोड्या वेळानं येऊन म्हणाले, "दोन्ही. पन घडी करून हातात." चहा झाल्यावर म्हणाले, "थांब. मी सांगतो." मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.

तोवर माझं काम मी करत होते. नवी शाल घडीतून काढून दोरीवर टाकावी लागते. नाहीतर लाइटमध्ये घड्या उठून दिसतात. मी आधी पिशवीतली काढली, दोरीवर टाकली. मग वर्तमानपत्रातली काढली, तीही टाकली. मग वंदनाच्या अंबाड्याचा गजरा मिळेना म्हणून आत गेले. परत आले आणि दोरीकडे पाहिलं.

दोन्ही शाली एकच होत्या. तोच मरून रंग, तोच सोनेरी काठ, काठावर तीच मोराची वेल. कोपऱ्यात सावलीच्या एकाच दुकानाची चिठ्ठी. सत्काराच्या शाली तिथंच मिळतात, दोन्ही टोल्यांनी तिथूनच आणल्या होत्या. वरच्यांची डावीकडे टाकली होती की उजवीकडे, ते मला आठवेना. शेवंताबाईनं मधे येऊन ऊन लागावं म्हणून त्या सरकवल्याही होत्या. तिला विचारलं. ती म्हणाली, "मले काय माहीत बाई, मी तं दोन्ही सरकवल्या."

मी बबनभाऊंना बोलावून दाखवलं. ते आधी रागावले. मग त्यांनी दोन्ही शाली हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. मग खाली बसले आणि हसायला लागले.

"सर, इकडे या. तुमचा प्रश्न सुटला. एकच शाल घालाची. वरचे म्हन्तीन आमची, खालचे म्हन्तीन आमची."

सरांना ते पटेना. "मग तिनं कोणाची घेतली, हे प्रेक्षकाला कळणार कसं?"

"नाई कळलं तं बरंच हाय."

"हे काही धोरण नाही, बबनभाऊ."

"मंग काय हाय?"

सरांनी दोन्ही शाली हातात घेऊन पाहिल्या. मग म्हणाले, "धोरणच आहे. पुष्कळ लहान देश असेच जगतात. दोघांनाही वाटू देतात की आपलाच आहे. पण ते दोघं एकमेकांशी बोलेपर्यंतच. बोलले की संपलं."

"हे दोघं बोलत नाई," बबनभाऊ म्हणाले. "पोळ्यापासून बोलले नाई."

आता डायलॉग उरला. पुस्तकात होतं, 'मी ही शाल स्वीकारते' आणि पुढं देशाचं नाव. ते नाव आता घेता येत नव्हतं. सरांनी पेनानं अख्खं वाक्य खोडलं. वंदना चिडली.

"माझा टाळीचा डायलॉग आहे तो."

"टाळी येईल," बबनभाऊ म्हणाले.

"न बोलता?"

"तू फक्त शाल घेऊन ये अन् उभी राह्य."

"किती वेळ?"

"पडदा पडेपर्यंत."

झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. शेवटचा प्रवेश येतो तेव्हा पूर्वेकडे उजाडायला लागलेलं असतं. मी विंगेत उभी होते. विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची आड. तिथून मला मांडव दिसत होता. तलावाच्या बाजूला वरचा टोला, रस्त्याच्या बाजूला खालचा. मधे बाहेरगावची मंडळं आणि मधल्या टोल्याची थोडी माणसं. वंदना आत आली. मी जरीचं पातळ उतरवलं, पांढरं चढवलं, आणि दोरीवरची हाताला आली ती शाल तिच्या खांद्यावर टाकली.

"मावशी, कोणाची आहे ही?" तिनं विचारलं.

"जा तू," मी म्हणाले.

ती गेली. स्टेजवर दोन्ही देशांचे दूत उभे होते. ती दोघांच्या मधे जाऊन थांबली आणि काही बोलली नाही. मांडव गप्प झाला. मला वाटलं, आता कोणीतरी उठणार. किसनभाऊ उभे राहिले. माझे डोळे आपोआप मिटले. मग शिट्टी ऐकू आली आणि वरच्या टोल्याच्या टाळ्या. लगेच खालच्या बाजूनं त्याहून मोठ्या टाळ्या. मग वरच्यांनी आणखी वाढवल्या. एकमेकांवर चढवल्यासारख्या. वंदना तशीच उभी. पडदावाल्यालाही सुचेना कधी ओढावा. शेवटी बबनभाऊंनी स्वतः दोरी ओढली.

सकाळी मी अंगणात ड्रेस झटकून घड्या करत होते. किसनभाऊ आले. चेहरा खुललेला.

"मानलं बाई तुमाले. आमचीच घातली."

मी काही म्हणायच्या आत मागून नामदेवभाऊ आले. तेही खुशीत होते. किसनभाऊंना पाहून थांबले.

"काय म्हन्ते हा?" त्यांनी मला विचारलं. किसनभाऊंना नाही.

"यायले सांगा, आमची शाल होती," किसनभाऊ मला म्हणाले.

"तुमची? बाई, सांगा ना खरं. कोनाची होती?"

दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी खरं तेच सांगितलं. "मले माहीत नाई भाऊ."

"कपडेवालीले माहीत नाई तं कोनाले माहीत असन?"

"खरंच माहीत नाई."

किसनभाऊंनी मला डोळ्यानं खूण केली, की समजलं. नामदेवभाऊंनीही तशीच केली. दोघांनाही वाटलं, मी समोरच्याला टाळते आहे. तिथंच ते मिटलं असतं. पण नामदेवभाऊंचं लक्ष पेटीकडे गेलं. उघड्या पेटीत वरच दोन्ही शाली होत्या, एकीवर एक.

त्यांनी दोन्ही उचलल्या. पाहिल्या. किसनभाऊंच्या पुढं धरल्या. मला वाटलं, आता ट्रक इथून निघत नाही. अंगणाबाहेर परगावच्या एका मंडळाची माणसं बबनभाऊंशी बुकिंगचं बोलत होती. इथं आवाज चढला असता तर तेही गेलं असतं.

"तू कुठून आनली?" नामदेवभाऊंनी विचारलं. सरळ किसनभाऊंना.

"सावलीहून. बसस्टॉपजवळच्या दुकानातून."

"त्यानं मले सांगितलं, या मालात एकच पीस हाय. मोठ्या साहेबायसाठी आनला होता म्हने."

"मलेबी तसंच म्हन्ला."

"भाव?"

किसनभाऊंनी भाव सांगितला. नामदेवभाऊंचा चेहरा बदलला. "माह्याकडून जास्त घेतला त्यानं."

"काऊन?"

"एकच पीस हाय म्हनून."

किसनभाऊ म्हणाले, "हा मानूस दोन्ही टोल्यायले येडं बनवून राह्यला."

दोघंही तिथूनच सावलीला निघाले. एका मोटारसायकलवर नाही, दोन वेगवेगळ्या. पण बरोबर निघाले. त्यांचे चार-पाच जण मागून गेले. शाली अंगणात बाजेवर टाकून गेले. मी घडी करून पेटीत ठेवल्या.

शेवंताबाई चहा घेऊन आली होती. तिनं रस्त्याकडे पाहिलं, मग तलावाच्या पाळीकडे. पाळीवर राखणीला कोणी नव्हतं. ती आत गेली आणि नवऱ्याला काहीतरी बोलली. तो खांद्यावर फावडं घेऊन बाहेर पडला आणि पाळीच्या दिशेनं गेला. मी पाहिलं आणि पाहिलं नाही. तिनं मला चहा दिला.

"साखर पुरली ना?" तिनं विचारलं.

"पुरली," मी म्हणाले.

पाणी सुटलं की नाही, ते मला पक्कं माहीत नाही. पुढं वडसाला दोन माणसांनी दोन तऱ्हेनं सांगितलं. एक म्हणाला, वरच्यांनी सोडलं. दुसरा म्हणाला, खालच्यांनी फोडून घेतलं. मधल्या टोल्याचं नाव कोणीच घेतलं नाही.

बुकिंग मात्र आलं. त्या सकाळी एका गावाचं, आणि आठवड्यात आणखी पुष्कळ. बाहेरगावच्या लोकांना वाटलं, जे नाटक पाहून माणसं एवढी ईर्ष्येनं टाळ्या वाजवतात त्यात काहीतरी असलंच पाहिजे. प्रत्येक गाव आपलाच तंटा त्यात पाहत होतं. कुठं निवडणुकीतली दोन पॅनल, कुठं दोन भाऊ. जो तो येऊन मला विचारायचा, शाल शेवटी कोणाची? मी सांगायची, नाटकाची. तांबडी आणि हिरवी मी पेटीच्या तळाशी ठेवून दिल्या.

सीझन संपल्यावर ट्रकमध्ये परत येताना सर माझ्याशेजारी बसले होते. मला इतके दिवस एक विचारायचं होतं. तेव्हा विचारलं.

"सर, तो मधला देश मग वाचला का?"

सर थोडं हसले. "या सीझनपुरता वाचला."

समोरच्या पेटीवर बबनभाऊ डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले आहेत.

"आपनबी तेवढेच वाचलो सुमनबाई," ते म्हणाले. "पुढच्या साली शाली घेतानी दोन दुकानं फिरू नको. एकाच दुकानातून दोन सारख्या घेजो."